न्यास परत करताना

पेढीवर बसलेला व्यापारी आज हातातील मोबाइलवरून दारात उभी असलेली मोटार उघडतो, बंद करतो, आतील हवा थंड करून ठेवतो. २०१९ साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर या गाड्या अशा सोयींसह भारतीय बाजारात आल्या, आणि मोबाइलप्रमाणेच सिम असलेली मोटार व्यापारी कुटुंबांच्याही परिचयाची झाली.

हीच गाडी सर्व्हिसिंगला गेली, की या दूरसोयी पुष्कळदा बंद केल्या जातात. त्यास सबळ कारण आहे. गाडी लिफ्टवर चढविलेली असावी, कारागिराचे हात यंत्रात गुंतलेले असावेत आणि त्याच क्षणी मालकाने दुकानातून इंजिन सुरू करावे, तर अनर्थ ओढवेल. तेव्हा सोय बंद करणे हा अहिंसेचाच विवेक होय. मालकाने त्याबद्दल रोष धरू नये.

प्रश्न गाडी परत देतानाचा आहे. बंद केलेली सोय पुन्हा सुरू झाली काय? ती बंद केली होती, हे मालकास सांगितले काय? न सांगितल्यास मालक निर्धास्त राहतो. पुढे कधी रात्री महामार्गावर अपघात होतो किंवा गाडी चोरीस जाते, आणि तेव्हा कळते की मदतीचे बटण मुके आहे, गाडीचा ठावठिकाणा मोबाइलवर उमटत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘न्यासापहार’ हा एक. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडला आहे: ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर ‘होय, एवढीच होती’ असे म्हणणे. विशेष हे, की हा अतिचार अचौर्याणुव्रताचा नव्हे, सत्याणुव्रताचा गणला आहे. दोष केवळ वस्तू राखून ठेवण्यात नाही; समोरच्याच्या अज्ञानाला होकार देण्यात आहे. दुरुस्तीस दिलेली गाडी हाही न्यासच. तिच्यात काय बंद केले, हे न जाणणाऱ्या मालकास ‘सर्व ठीक आहे’ म्हणून किल्ली देणे त्याच अतिचाराच्या जवळ जाते.

म्हणून गाडी देताना कोणत्या सोयी बंद होणार, हे जॉबकार्डावर लिहून घ्यावे. परत घेताना कुलूप आणि ठिकाण मोबाइलवर तेथेच तपासावे, आणि आपत्कालीन मदतीची सेवा सुरू असल्याची खात्री कारागिराकडून करून घ्यावी.

आणि एक नजर आपल्या पेढीकडेही वळवावी. डागडुजीस आलेला दागिना असो, दुरुस्तीस आलेले घड्याळ असो, ग्राहकाने न विचारलेली गोष्ट आपण होऊन सांगणारी पेढीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वहीतील शिल्लक जुळली, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ग्राहकाच्या मनातील शिल्लकही जुळावी लागते.