घाईने वेळ साधत नाही

अमेरिकेत उन्हाळ्याच्या एखाद्या सायंकाळी मुलांचा बेसबॉलचा सामना पाहावयास उभे राहिले, म्हणजे कुंपणापलीकडून आईबापांचा आणि प्रशिक्षकांचा एकच हुकूम वारंवार कानी पडतो : ‘बॅट लवकर फिरव!’ चेंडू निघून गेल्यावर ज्याची बॅट फिरते अशा दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिलेली ही ताकीद वरवर निर्विवाद वाटत असली, तरी माझ्या मते तीच त्याचे अधिक नुकसान करते. कारण त्याचा कसूर बहुधा हातांच्या मंदगतीत नसून सिद्धतेच्या विलंबात असतो, आणि हुकुमासरशी तो फटक्याची घाई करू लागला, की चेंडू पारखण्याचा जो अल्प अवकाश त्याच्यापाशी होता तोही तो गमावून बसतो.

प्रौढांच्या खेळात चेंडू फेकणारा पिचर फलंदाजाच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच अंतरावर असतो. ताशी ९० मैलांचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो, आणि त्यातला ०.१५ सेकंदाच्या आसपासचा काळ एकट्या बॅटच्या फेऱ्यात खर्ची पडतो. मुलांच्या लिटल लीगमध्ये हेच अंतर ४६ फूट असल्यामुळे ताशी ६०-६५ मैलांनी फेकणारा मुलगाही समोरच्यावर जवळजवळ तोच प्रसंग आणतो. एवढ्या तोकड्या मुदतीत चेंडू हातातून सुटल्यावर तयारीला लागणे व्यर्थ आहे. पिचरचा उचललेला पाय खाली येऊ लागताच शरीराचा भार मागल्या पायावर घ्यावा, पुढचे पाऊल हलकेच टेकावे, आणि हात मात्र मागेच राखून फैसला शक्य तितका लांबवावा, हाच खरा इलाज होय.

जपानचे फलंदाज सादाहारू ओ यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १९५९ साली योमिउरी जायंट्स संघात दाखल झालेल्या या तरुणाला १९६१ च्या हंगामात अवघे १३ होमरन काढता आले. प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी १९६२ मध्ये त्यांना पुढचा पाय उंच उचलून, एका पायावर तोल राखून, चेंडूची वाट पाहावयास लावले, आणि छताला टांगलेली कागदाची पट्टी तलवारीने छेदण्याचा सरावही करवून घेतला. त्या वर्षी ओ यांनी ३८ होमरन काढले; १९८० मध्ये निवृत्त होताना ही संख्या ८६८ झाली होती. बारा वर्षांच्या मुलाला एका पायावर उभे करावे असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु ओ यांना मिळालेली दीक्षा घाईची नसून प्रतीक्षेची होती, हे विसरता कामा नये.

आजच्या सरावात नेमका या प्रतीक्षेलाच थारा नाही. फिरत्या चाकांमधून चेंडू ओकणाऱ्या यंत्रासमोर मुलगा उभा राहतो, आणि चेंडू आत सोडणाऱ्या माणसाच्या मनगटाकडे पाहून ताल शिकतो. सामन्यात ते मनगट नसते, पिचरचा खांदा, गुडघा आणि बोटे असतात, आणि त्यांची ओळख त्याला कोणी करून दिलेलीच नसते. स्टँडवर ठेवलेल्या स्थिर चेंडूने फटक्याला वळण लागते, वेळेचे ज्ञान होत नाही. त्यापेक्षा प्रशिक्षकाने जाळीआडून स्वतःच्या हाताने फेकावे, मधूनच कसलाही इशारा न देता संथ चेंडू सोडावा. आणि आपलाच पिचर सराव करीत असेल तेव्हा डोक्यावर हेल्मेट चढवून मुलाने प्लेटपाशी उभे राहावे, बॅट न फिरवता केवळ भार घ्यावा, पाऊल टाकावे, आणि चेंडू मारण्याजोगा होता की सोडण्याजोगा, एवढेच बोलून दाखवावे. या शिक्षणाला एक पैचा खर्च नाही.

शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा ४६ फुटांवरून मोठ्या मैदानाच्या ६० फूट ६ इंचांवर जातो, तेव्हा काल उशिरा पोहोचणारी त्याची बॅट आज चेंडूच्या आधीच फिरून मोकळी होते. ज्याला केवळ लवकर फिरवायला शिकवले, त्याच्यापाशी या नव्या अंतरावर उपाय उरत नाही. ज्याला पिचर वाचायला शिकवले, त्याला काही आठवडे चाचपडू द्यावे, आणि तेवढ्या काळात त्याला संघातून वगळू नये, एवढीच प्रशिक्षकांना माझी विनंती आहे.