मॅकरोनी : आपल्या सरगुंड्यांची बहीण

मैत्रिणींनो, शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की हल्ली एखाद-दुसऱ्या डब्यात मॅकरोनी हमखास दिसते. खामगाव-चिखलीच्या किराणा दुकानांतही ती शेवयांच्या पाकिटांशेजारी सुखाने बसलेली असते. घरात मात्र तिच्यावरून कुरबुर! मुलांचा हट्ट, ‘रोज कर’. आणि सासूबाईंचं म्हणणं, ‘हे परक्यांचं रबर कशाला घरात?’ आज या भांडणाचा निकाल लावू या.

खरं सांगू? ही बाई तितकीशी परकी नाहीच. आपल्या वऱ्हाडात सरगुंडे करतात ते आठवा. घट्ट मळलेल्या पिठाची बारीक दोरी वळायची, काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. झाली पोकळ नळी! आंब्याच्या दिवसांत ते शिजवून रसाबरोबर खायचे. मॅकरोनीतही तेच सगळं : घट्ट भिजवलेला रवा, पोकळ नळी आणि वाळवण. काडीचं काम तिथे यंत्राचा साचा करतो, एवढंच.

इटलीत ती ड्युरम गव्हाच्या रव्याची करतात. हा कठीण दाण्याचा गहू म्हणजे आपला बन्सी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस ४०२८ हा वाण याच जातीचा. त्यात प्रथिनं सुमारे १४.७ टक्के असतात. म्हणून पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचायची. ड्युरम गव्हाचा रवा लिहिला असेल तर घ्या. नुसत्या मैद्याची मॅकरोनी शिजताना लवकर चिकट होते आणि पोटालाही त्यातून फारसं काही मिळत नाही.

आता करायची कशी? बाजारच्या सॉसचा आणि चीजचा खर्च हवाच असं नाही. आपण चकोल्या करतो ना, तशीच वरणातली मॅकरोनी करून पाहा.

चार माणसांसाठी पाऊण वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवा आणि घोटून घ्या. तेलात मोहरी, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि कढीपत्ता यांची फोडणी करा. एक कांदा आणि असतील ते गाजर-मटार परतून घ्या. तिखट, थोडा काळा मसाला, घोटलेली डाळ आणि पाच वाट्या गरम पाणी घाला. खळखळून उकळी आली, की दोन वाट्या कच्ची मॅकरोनी सोडा. अधूनमधून ढवळत दहा-बारा मिनिटं शिजू द्या. आटलं तर गरम पाणी घाला. चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ शेवटी. वरून कोथिंबीर आणि चमचाभर तूप.

गव्हाच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते गव्हात. म्हणून हे जेवण पोटभरीचं आणि सकस. डब्यात द्यायची असेल तर मॅकरोनी वेगळी उकडून, निथळून, तेलाचा हात लावून ताटात पसरा. मग मोकळ्या मटकीच्या उसळीत परता. उकडल्याचं पाणी फेकू नका बरं का. आमटीला किंवा कणीक मळायला ते चालतं.

आता स्वयंपाकघराबाहेर येऊ. आपल्याकडे गव्हले, मालत्या, नखुल्या या पोटापुरत्या कधीच नव्हत्या. लग्नाच्या रुखवतात त्या मानाने मांडल्या जातात, आणि गव्हले वळायलाही सवाष्णींचा मान. इथे मला एक बोलायचंच आहे. आमच्या आत्याबाईंचा हात असा, की शंभर गव्हले वळले तरी एकाला दुसऱ्यापासून ओळखू येऊ नये. पण यजमान गेले आणि मुहूर्ताच्या पाटावरचं त्यांचं बोलावणं थांबलं. नंतरचे शेरभर गव्हले मात्र त्यांनीच आतल्या खोलीत बसून वळायचे! मागच्या लग्नात नवरीच म्हणाली, “पहिला गव्हला आत्याआजीच्या हातचा.” दोघी-तिघी कुजबुजल्या, पण पाट मांडला गेला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव पंचायत करील. घरातला पाट मात्र आपणच मांडायचा असतो.

मुलांच्या हस्तकलेलाही मॅकरोनी छान. पण चांगलं अन्न पुठ्ठ्याला चिकटवायला माझं मन घेत नाही, तुमचंही घेणार नाही. पोरकिडे लागलेली, जुनी झालेली तेवढीच घ्या. ती उन्हात खडखडीत वाळवा. रंगाच्या घट्ट पाण्यात पटकन बुडवून काढा; रेंगाळली तर मऊ पडते. सावलीत वाळली, की दोऱ्यात ओवून तोरण करा, राखीवर लावा. पहिलीच्या मुलांना मी दहा-दहाच्या माळा ओवायला देते. दशक-एकक न घोकता कळतं. तान्ही मुलं मात्र जवळ नकोत, पटकन तोंडात घालतात.

जाता जाता : पाकीट फोडल्यावर मॅकरोनी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर दोन-तीन तमालपत्रं टाका. पावसाळ्यात एकदम किलोभर आणू नका. आणि या उन्हाळ्यात सासूबाईंकडून सरगुंडे शिकून घ्या. त्या शिकवायला बसल्या, की मॅकरोनीवरची कुरबुर आपोआप थांबेल!