निवृत्त शास्त्रज्ञाने गावी जाऊन फक्त आंबेच लावायचे का?

बेन रिच हा अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीच्या 'स्कंक वर्क्स' या गुप्त विमान विभागाचा प्रमुख. 1991 ला निवृत्त झाला, आणि 1994 ला लिओ जॅनोसबरोबर लिहिलेलं त्याचं पुस्तक बाजारात आलं. रडारला चकवणारं एफ-117 कसं बनलं ते त्यात आहे. हे विमान अस्तित्वात आहे एवढंसुद्धा तिथल्या सरकारने 1988 पर्यंत मान्य केलं नव्हतं! द्रवरूप हायड्रोजनवर उडणाऱ्या विमानाचा नाद का सोडावा लागला, तेही त्याने लिहिलंय.

आता आपल्याकडे या. 31 मे 2021 ला केंद्राने पेन्शनचे नियम बदलले. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांमधून निवृत्त झालेल्याने संस्थेच्या कार्यक्षेत्राबद्दल काहीही छापायचं तर आधी संस्थाप्रमुखाची परवानगी घ्यायची. नोकरीत कमावलेलं ज्ञानही त्यात आलं. नियम मोडला तर पेन्शनवर गदा. लोकांना वाटलं, हे रॉ आणि आयबीवाल्यांसाठी असेल. अहो, त्याच यादीत डीआरडीओ आहे!

गुपितं फोडू नयेत, कबूल. त्यासाठी 1923 चा कायदा आहे. अमेरिकेतही गुप्त काम केलेल्यांना हस्तलिखित तपासून घ्यावं लागतंच. माझा आक्षेप तपासणीला नाही, तपासणाऱ्याला आहे. ज्या संस्थेच्या चुकांबद्दल लिहायचं, तिचाच प्रमुख ठरवणार की हे छापायचं की नाही. चोराच्या हाती किल्ल्या म्हणत नाही मी, पण आरोपीच न्यायाधीश झाला की नाही?

कावेरी इंजिन घ्या. 1989 ला मंजुरी मिळाली. चाचण्यांसाठी रशियाला न्यावं लागलं. तेजस मात्र आजही अमेरिकन जीईच्या इंजिनावर उडतंय. नेमकं कुठे अडलं? धातूत, पैशात, की फायलींत? हे ज्यांना आतून माहीत आहे ते तेव्हा तिशीत होते, आता सत्तरीकडे झुकलेत. पुढचं इंजिन करणाऱ्या पोरांनी कोणाला विचारायचं?

कलामांचं 'अग्निपंख' आपल्यापैकी किती जणांनी शाळेत असताना वाचलं! मूळ इंग्रजी पुस्तक 1999 चं. 1989 ला अग्नीचं उड्डाण दोनदा पुढे ढकलावं लागलं, तो सगळा ताण त्यात आहे. अग्नी डीआरडीओचंच. आज तिथून निवृत्त झालेल्याने तसं लिहायला घेतलं तर आधी अर्ज करायचा आणि वाट बघायची.

पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळांमधून निवृत्त होऊन गावी गेलेले काका-मामा तुमच्याही ओळखीत असतील. हापूसच्या कलमांवर तासभर बोलतील. कामाचं विचारा, "जाऊ दे रे, कशाला" म्हणून विषय बदलतील. त्यांना दोष कसा देणार? म्हातारपणी पेन्शन कोण पणाला लावेल?

मागणी साधी आहे. तपासणी संस्थेबाहेरच्या समितीकडे द्या, 60 दिवसांची मुदत घाला, आणि नाही म्हणायचं असेल तर कोणता परिच्छेद आणि का, ते लेखी कळवा. तुमच्या खासदाराला एवढं तरी विचारा.