झाकणावरचा आकडा आणि पाण्यावरचा वेग

छोट्या होडीसाठी जुनी आउटबोर्ड मोटर शोधणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो, ‘किती एचपीची?’ वेग हवा असेल तर हा प्रश्न शेवटी विचारायला हवा. अमेरिकेत 1950 आणि 60च्या दशकांत मोटरींची जी चुरस रंगली, ती नीट पाहिली की याची खात्री पटते.

ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये मिलवॉकीत विकायला काढलेली मोटर दीड एचपीची होती आणि तिचं वजन 28 किलो होतं. वल्ही मारायचे कष्ट वाचावेत, एवढीच तेव्हाची अपेक्षा. वेगाची खरी झटापट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीने 1957 मध्ये मार्क 75 ही मोटर आणली. एकावर एक रचलेले सहा सिलिंडर, क्षमता एक लिटरहूनही थोडी कमी, आणि ताकद 60 एचपी. तिला गिअर बदलायची सोयच नव्हती! होडी मागे घ्यायची तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करावं लागे. धक्क्याला लागताना हा प्रकार त्रासाचा, पण त्यामुळे पाण्याखालचा भाग सडपातळ ठेवता आला. पाण्याचा अडथळा कमी झाला की वेग वाढतोच.

पुढच्याच वर्षी एव्हिनरूड आणि जॉन्सन या भावंड ब्रँडांनी व्ही-फोर मोटर काढली. क्षमता साधारण 1150 सीसी, म्हणजे मर्क्युरीपेक्षा मोठी, पण ताकद 50 एचपी. ती कमी फेऱ्यांत काम करणारी, गिअर असलेली, सहकुटुंब फिरायला सोयीची. कागदावर पाहिलं तर शर्यत मर्क्युरीनेच जिंकायला हवी.

जून 1958 मध्ये ह्यू एंट्रॉप यांनी सिअॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर मर्क्युरी लावून ताशी 107.8 मैल, म्हणजे सुमारे 173 किलोमीटर वेग गाठला. दोनच वर्षांनी त्याच एंट्रॉप यांनी लेक हवासूवर ताशी 122.9 मैल गाठले, तेही एव्हिनरूडच्या व्ही-फोरवर. पाण्याला जेमतेम टेकणारी हायड्रोप्लेन होडी आणि ती हाकणाऱ्याची समज यांचा त्यात मोठा वाटा होता. ब्रँडवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी हे दोन विक्रम शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

साध्या होडीचा हिशोबही फार अवघड नाही. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेतं आणि गिअर दोनास एक आहे असं धरलं, तर पंखा 2750 वेळा फिरतो. पंख्याचा पिच 13 इंच असेल, तर लाकडात स्क्रू शिरावा तसा तो दर फेऱ्याला 13 इंच पुढे सरकायला हवा. ताशी सुमारे 54 किलोमीटर झाले. पाण्यात पंखा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात 46 ते 49 मिळतात. वेगाच्या हौसेने मोठ्या पिचचा पंखा बसवला आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचलंच नाही, तर मोटरीच्या झाकणावर लिहिलेली ताकद झाकणावरच राहते.

वजनाचंही तसंच. पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या होडीचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. एचपी दुप्पट केली तर वेग फार तर चाळीस टक्के वाढेल, आणि मोठ्या मोटरीच्या वजनापायी त्यातलाही काही हातचा जाईल. शिवाय 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक अमेरिकी मोटरींची ताकद पंख्याच्या दांड्यावर न मोजता थेट इंजिनवर मोजली जाई. जुन्या आणि नव्या ‘पन्नास एचपी’ची तुलना म्हणूनच सरळ होत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर जाळी आणि माणसं वाहणाऱ्या होडीला या शर्यतीशी काही देणंघेणं नाही. तिथे कमी पिचचा, ओढ देणारा पंखाच हवा. पण हलकी होडी आणि निव्वळ वेगाची हौस असेल, तर जुन्या सहा सिलिंडरी मर्क्युरीला पहिली पसंती द्यावी. मात्र पैसे मोजण्याआधी होडीवर लिहिलेली कमाल एचपी वाचा, आहे त्या मोटरीचे पूर्ण वेगातले फेरे टॅकोमीटरवर मोजा आणि आधी पंखा बदलून पाहा.