गाईड विकत मिळते, गुरू मिळत नाही

आमच्या कॉलेजच्या दिवसांत 'गाईड' म्हणजे परीक्षेच्या तोंडावर दुकानातून आणायचे पुस्तक. तुला स्वतःला काय शोधून काढावेसे वाटते, असे तीन वर्षांत आम्हा कॉमर्सवाल्यांना कोणी एकदाही विचारले नाही. आता पदवीच्या मुलांना हा प्रश्न सरकारी धोरणच विचारू लागले आहे. बडोद्याच्या मराठी समाजाचा त्याच्याशी थेट संबंध आहे, म्हणून हा विषय या अंकात घेत आहोत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो. त्यात प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ क्रेडिटांचा प्रकल्प करायचा असतो. गुजरातेत नवे धोरण २०२३-२४ पासून आले. त्या वर्षी दाखल झालेल्या तुकडीचे चौथे वर्ष म्हणजे २०२६-२७.

विज्ञानाच्या मुलाला प्रयोगशाळा असते. कला शाखेच्या मुलाने काय करायचे? वाचकहो, बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय इथे आहे. हस्तलिखितांसाठी प्राच्यविद्या मंदिर आहे. गायकवाडी अमदानीचे दप्तर आहे आणि त्यातला मोडी कागद वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. रियासतकार सरदेसाई याच गावात नोकरीला होते. राजघराण्यातील मुलांना इतिहास शिकवण्यासाठी त्यांनी टिपणे काढली आणि त्यातूनच रियासतीचे काम उभे राहिले. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, बी.ए. झालेले नोकरदार होते.

नवनिर्मितीचे उदाहरणही घरचेच आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या ललित कला विद्याशाखेत इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे शिकवायला आले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. पुढे भट्टांनी गावोगावच्या भिंतींवरील चित्रे आणि अंगणातल्या रांगोळ्या कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या. अशी माणसे नुसत्या अभ्यासक्रमाने घडत नाहीत. कोणीतरी शेजारी उभे राहून हात पाहावा लागतो.

खरी अडचण नेमकी इथे आहे. प्रकल्प म्हणताच झेरॉक्सच्या दुकानात तयार बाइंडिंग करून मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. आता तर संगणकच पाच मिनिटांत चाळीस पाने लिहून देतो. बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, तसेच संशोधनात पुराव्याशिवाय वाक्य होऊ नये. पण व्हाउचर तपासायला माणूस लागतो. विषय आटोपशीर करून देणारा, दर पंधरा दिवसांनी 'किती झाले?' म्हणून विचारणारा, पहिला खर्डा परत करणारा. ज्या शिक्षकाचे आठवड्याचे तास आधीच भरले आहेत, त्याने हे केव्हा करायचे? मार्गदर्शनाचे तास त्याच्या कामाच्या हिशोबात धरलेच नाहीत, तर प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर फक्त सही होईल.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजावेत आणि भाषा-इतिहासाच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. दुसरी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून मोडी शिकण्याची सोय असावी, म्हणजे चौथ्या वर्षी मूळ कागद हाती घेता येईल. तिसरी, ७५ टक्क्यांच्या अलीकडे राहिलेल्या आणि तीन वर्षांतच बाहेर पडणाऱ्या मुलांनाही छोटा प्रकल्प मिळावा. घरची गरज म्हणून तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरणारा मुलगा जिज्ञासेत कमी असतो असे थोडेच आहे!

२०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट-सिंडिकेटचा जमाना संपला. आपले म्हणणे पोहोचवण्याची ती वाट बंद झाली. आता निवेदने आणि आमदारांचे दरवाजे एवढेच हाती उरले आहे. निवडणुकीत उमेदवार आपल्या सभागृहात येतात, खुर्च्या-पंख्यांचे आश्वासन देतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या खेपेस पंख्याऐवजी प्राध्यापक मागावेत.

मात्र सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत अजून ट्रंका आहेत. त्यांत पत्रे आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत, नाटकांची हस्तपत्रके आहेत. घर पाडून फ्लॅट उठतो तेव्हा हे सारे रद्दीत जाते. आजींच्या ओव्या, आपल्या बोलीत मुरलेले गुजराती शब्द, भजनी मंडळांच्या चाली, यांतला प्रत्येक विषय एका मुलाला वर्षभर पुरेल. मंडळाने अशा कागदांची यादी करावी. मोडी जाणणाऱ्या सभासदांनी महिन्यातले दोन रविवार मुलांना द्यावेत. झालेले प्रकल्प वार्षिक संमेलनात मुलांच्याच तोंडून ऐकावेत आणि त्यांची एकेक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी.

आणि पालकांना एक विनंती. मुलगी बी.ए. मराठी घेते म्हटले की आपला चेहरा पडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आपणच पुढे होतो. दर्जा दिल्लीहून मिळाला, पण तो टिकवणारे काम याच मुलांच्या हातून व्हायचे आहे. येत्या सभेत निवेदनाचा मसुदा ठेवत आहोत. सभासदांनी सह्या कराव्यात आणि घरची ट्रंक एकदा उघडून पाहावी.