रोगाची माहिती आणि रोग्याचे नाव

कोकणात चाकरमानी गावी आला म्हणजे घरीदारी सण होतो. परंतु २०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाची साथ भरात असताना, आमच्या दापोली तालुक्यात त्याच चाकरमान्यास पाहून दारे लागली. मुंबईतील काम थांबलेले, खोलीचे भाडे थकलेले, म्हणून जो आपल्या जन्मगावी निघाला, त्याच्या वाट्यास शिवेवर दगड व ओंडके आडवे टाकलेले रस्ते आले. ती साथ ओसरली. तरी त्या दिवसांनी आपल्या समाजमनाचे जे दर्शन घडविले ते विसरून चालणार नाही. कारण साथी पुन्हा येतात.

गावाने सावध राहू नये, असे आमचे म्हणणे नाही. परगावाहून आलेल्याने ठरावीक दिवस वेगळे राहावे हे वैद्यकास धरूनच होते, आणि शाळांतून तशी सोय करणाऱ्या ग्राम कृती दलांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो पुढील प्रकारास. तपासणी झालेल्यांची नावे, वाडी व घर यांसह, मोबाईलवरून घरोघर फिरली. चौदा दिवस पुरे करून, निरोगी ठरून परतलेल्या एका कुटुंबास विहिरीवर पाणी भरू देईनात, अशी तक्रार घेऊन त्या घरचे वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले होते. आपल्या वडिलांनी जे पाणवठ्यावर सोसले तेच आता नातवाने सोसावयाचे काय, असे ते विचारीत होते. या प्रश्नाचे उत्तर संविधानाच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच देऊन ठेवले आहे. गावाने मात्र ते वाचलेले नव्हते.

या रोगाचा कायदाही जुनाच. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या त्या कायद्यात सरकारच्या अधिकारांची तरतूद होती; रोग्याच्या हक्कांविषयी एक ओळही नव्हती. पुण्यात घरांच्या झडत्या सुरू झाल्या, तेव्हा धास्तावलेले लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याच पुण्यात, त्याच साली, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगने आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. एक मार्ग धाकाचा, दुसरा करुणेचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. आपण मार्ग कोणता निवडला, हे ज्याचे त्याने मनास विचारावे.

कोणी म्हणेल, शेजाऱ्यास रोग झाला हे जाणण्याचा आम्हांस हक्क नाही काय? या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत आहे. रोगाची माहिती निराळी आणि रोग्याचे नाव निराळे. कोणत्या भागात किती रुग्ण आहेत, लक्षणे कोणती, तपासणी कोठे होते, प्राणवायूची खाट कोठे मिळेल, हे जाणणे जनतेचा हक्क आहे व सांगणे शासनाचे कर्तव्य. नाव हवे ते वैद्यास आणि आरोग्याधिकाऱ्यास; संसर्ग झालेल्यांचा शोध घेणे हे त्यांचे काम आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरविले. रुग्णांच्या घरांवर फलक लावण्याचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा फलक लागताच त्या घरातील माणसांना अस्पृश्यांप्रमाणे वागविले जाते, असे न्यायालयानेच डिसेंबर २०२० मध्ये बोलून दाखविले. आणि सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश दिल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असा ९ डिसेंबरला निर्णय दिला. न्यायमूर्तींच्या तोंडी नेमका तोच शब्द यावा, हा योगायोग आम्ही मानीत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीनेही नाव जाहीर करणे घातकच. नाव फुटेल या भीतीने मनुष्य ताप लपवितो, तपासणी टाळतो, आणि रोग निर्वेध पसरतो. जेथे खरी माहिती नाही तेथे अफवा राज्य करते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडविली. वीज व दूरध्वनी कित्येक दिवस बंद राहिले. छप्परच नसलेल्या माणसास घरात वेगळे राहा असे सांगणे व्यर्थ होते, आणि मोबाईलवर विसंबलेली माहितीव्यवस्था त्याच दिवशी मुकी झाली. अशा वेळी ग्रामपंचायतीचा फळा आणि दवंडी हीच खरी साधने.

यास्तव आमचे सांगणे एवढेच. ग्रामपंचायतीने रुग्णांची संख्या व उपाय रोज फळ्यावर लिहावेत. नावे दवाखान्याच्या नोंदवहीतच राहू द्यावीत. यादी आपल्या हाती आली तर ती पुढे धाडू नये. कोणास पाणी वा रेशन नाकारले गेले, तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार करावी. त्यामागे जात असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा व १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेतच. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या निरोगी असूनही विटाळाचा शिक्का सोसला, त्याने तो शिक्का आजाऱ्याच्या कपाळी मारण्यास कधीही हात लावू नये. उद्या साथ आली, तर शिवेवर दगड टाकणाऱ्यांत आपला मनुष्य नसावा. पाण्याचा हंडा घेऊन शाळेकडे जाणाऱ्यांत तो असावा.