कॉइन नको, क्लायंट घ्या!

मंडळी, आमच्या शिरूर-दौंडकडं 'ब्लॉकचेन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं एकच माणूस येतो. लग्नात भेटणारा, "महिन्याला दहा टक्के फिक्स" म्हणणारा कुणीतरी लांबचा पाहुणा. लोकांचंही काही चुकत नाही म्हणा. गेनबिटकॉइन या स्कीमचं आश्वासन नेमकं हेच होतं: महिन्याला १० टक्के, १८ महिने. तिचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. पुढं मार्च २०२२ मध्ये, तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण बाकी कुणाला त्यातलं कळत नसलं की दोन-चार जणांच्या शब्दावर सगळं चालतं, एवढं नक्की.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्या इंजिनिअरला हे समजून घ्यायचंय त्यानं एक रुपयाही न गुंतवता ओपन सोर्स क्लायंट चालवून बघावा. क्लायंट म्हणजे काय? विकास सोसायटीच्या सचिवानं वाचून दाखवलेल्या हिशेबावर मान डोलावण्याऐवजी अख्ख्या वहीची झेरॉक्स घरी आणायची आणि पहिल्या पानापासून बेरजा स्वतः तपासायच्या. बिटकॉइन कोअर हेच करतो. जानेवारी २००९ पासूनचा प्रत्येक ब्लॉक तो तुमच्या मशीनवर पडताळतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा डेटा? खरंय, पूर्ण वही ६०० जीबीच्या पुढं गेलीय. 'प्रून' केलं तर डिस्कवर ब्लॉकसाठी ५५० एमबी पुरतात, पण एकदा सगळं डाउनलोड करावंच लागतं. गावाकडं मोबाईलच्या डेटावर हे जमायचं नाही. म्हणून सुरुवात 'रेगटेस्ट' मोडनं करा. त्यात तुमच्याच लॅपटॉपवर खासगी साखळी तयार होते, नेट लागत नाही. दौंड-पुणे गाडीत सीट मिळाली तर तिथंही होईल! १०१ ब्लॉक तयार करा. १०१ च का? ब्लॉकचं बक्षीस त्यावर आणखी १०० ब्लॉक चढल्याशिवाय खर्चता येत नाही. मग खात्यात ५० बिटकॉइन दिसतील. बाजारभाव शून्य रुपये. महिन्याला दहा टक्क्यांनी वाढले तरी शून्यच :-)

आणि हो, फाईल उतरवली की आधी तिचा हॅश आणि सह्या जुळवून बघा. पहिला धडा तिथंच मिळतो.

डेव्हलपर मंडळींबद्दल उगाच भीती असते. कोड सी प्लस प्लसमध्ये, बऱ्याच टेस्ट पायथनमध्ये. कोड मर्ज करायचा अधिकार मोजक्यांना, पण दुसऱ्याचा बदल तपासून मत द्यायला कुणालाही मोकळीक. पटलं तर 'ॲक', नाही पटलं तर 'नॅक', पण नॅक दिला तर तांत्रिक कारण द्यायचं. नवख्यानं आधी दुसऱ्यांचे बदल बिल्ड करून टेस्ट करावेत, असं प्रकल्पाच्या सूचनांतच लिहिलंय. तिथं कॉलेज कुठलं, मराठी मीडियम का, असलं कुणी विचारत नाही. स्पेलिंग सुधारून नाव कमवायला जाऊ नका, एवढंच.

हे सगळं कशाला, तर ब्लॉकचेन आता सरकारी कागदांपर्यंत आलीय. गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५,००० जात प्रमाणपत्रं पॉलिगॉनच्या साखळीवर नोंदवायचा प्रकल्प २०२२ मध्ये जाहीर झाला. उद्या कुणी आपल्या सातबाऱ्यासाठी असंच काही घेऊन आलं तर? नंतर केलेली खाडाखोड साखळीवर लपत नाही, हे खरं. पण मुळात वारसाचं नाव चुकीचं चढवलं असेल तर साखळी ती चूकही तितक्याच इमानदारीनं जपून ठेवते. हे ग्रामसभेत उभं राहून सांगणारं कुणीतरी गावातलंच हवं. कंपनीचा सेल्समन सांगणार नाही.

हिंजवडी-खराडीत बसलेल्या शिरूर-दौंडकरांनो, ते काम आपलंच आहे. दोन वीकेंड लागतील. पुढच्या वेळी तो पाहुणा भेटला तर त्याला एवढंच विचारा, "तुमचा नोड कुठं चालतो?"